अप्पांचं बुधवारचं ऑफिस

यंदाही अनुदानाची जाहिरात लांबली आहे. जूनमध्ये येणार होती, ती जुलैवर गेली. जुलैत विचारलं तर 'लवकरच' असं उत्तर आलं. नांदेडच्या आमच्या ऑफिसात सगळे हात बांधून बसले आहेत. जाहिरातच नाही तर अर्ज कशाचा भरायचा, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न बरोबर आहे. मीही चार वर्षांपूर्वी हाच विचारला होता, आणि अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं होतं, जणू मी पाहुणे आल्यावर चूल पेटवू म्हणणारी सून आहे.

अप्पा म्हणजे शिवमूर्तीअप्पा. मूळचे उदगीरचे, घर लातूरला. एका सरकारी कार्यालयात त्यांनी तीसेक वर्षं एकच काम केलं: संस्थांचे अनुदानाचे अर्ज तपासायचे आणि त्यातल्या त्रुटी काढायच्या. निवृत्तीनंतर काही वर्षांनी आमच्या अध्यक्षांनी त्यांना संस्थेत आणलं. किनवटजवळ आम्ही मुलींचं एक वसतिगृह चालवतो. दहावी झालेल्या, जंगलातल्या गावांतल्या मुली तिथे राहून बारावीपर्यंत शिकतात. त्याचा अर्ज दर वेळी कुठल्या ना कुठल्या त्रुटीत अडकायचा. अडकवणाराच माणूस आपल्याकडे आणला तर अर्ज सुटेल, असा अध्यक्षांचा हिशोब होता.

दर सोमवारी अप्पा लातूरहून पहिल्या एसटीने यायचे, ऑफिसच्या मागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी परत जायचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. फोन उचलला की 'हॅलो' नाही, 'शरणार्थ'. खांद्याला काळी कापडी पिशवी. पहिल्या दिवशी त्यांनी ती माझ्या टेबलावर रिकामी केली: कागदाला भोक पाडायचं दाभण, हिरव्या दोऱ्यांचे टॅग, डिंकाची बाटली, शिक्क्याचं पॅड, फूटपट्टी, आणि डबीच्या झाकणात ओला स्पंजाचा तुकडा. मी स्वतः याद्यांवर जगणारी बाई. ती पिशवी पाहून मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

"साहेब अर्ज वाचत न्हाई ताई," असं त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. "साहेबाचा क्लार्क वाचतो. अन् क्लार्क पण वाचत न्हाई, चाळतो. त्याचं बोट जिथं अडतं तिथं तुमचा अर्ज अडतो."

त्या वर्षी जाहिरात लांबणं आम्हाला परवडणारं नव्हतं. वसतिगृहाला आधी मिळालेली मदत संपली होती. ज्या घरात मुली राहत होत्या त्याच्या मालकाने दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. त्यानंतर तिथे एका व्यापाऱ्याचं गोदाम होणार होतं. म्हणजे दिवाळीच्या आत मंजुरी आली नाही तर बावीस मुली अर्ध्या वर्षातून घरी. त्यातल्या अकरा बारावीच्या. मी रोज सकाळी खात्याला फोन लावायची. अप्पांनी तिसऱ्या दिवशी माझ्या हातातून फोन काढून ठेवला.

"फोन केला की 'लवकरच' म्हणतेत. अन् 'लवकरच' ऐकलं की मानूस आठ दिवस काम सोडतो. जाहिरात लेट हाय, आपण न्हाई."

मग त्यांनी गेल्या वर्षीचा नमुना समोर ठेवून अख्खा अर्ज तयार करायला घेतला, आणि तो तपासण्यासाठी बुधवारचं ऑफिस सुरू केलं. बुधवारच का, तर सोमवारी माणूस गावाहून आलेला असतो, शनिवारी जायच्या तयारीत असतो, बुधवारी मात्र खुर्चीत घट्ट असतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

दर बुधवारी अकरा वाजता अप्पा माझं टेबल फिरवून दाराकडे तोंड करून घ्यायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचे आणि दुसरेच कुणीतरी व्हायचे. मी फाईल घेऊन दारात उभं राहायचं. ते वर बघायचे नाहीत. मी खाकरले की एक भुवई वर जायची.

"काय हाय?"

"अर्ज आणलाय."

"जेवायची वेळ हाय."

"अप्पा, सव्वाअकरा वाजलेत."

"मग चहाची हाय. बाहेर बसा."

मी खरंच बाहेर बसायची, जिन्याच्या पायरीवर. पायरीला लागून सलीमभाईंचं टायपिंग आणि छपाईचं दुकान होतं. आमचे सगळे कागद तेच करायचे. पहिल्या बुधवारी त्यांनी मला तसं बसलेलं पाहिलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "आपकाच ऑफिस, आपकीच कुर्सी, और आपच बाहर?"

आत बोलावलं की फाईल आधी हातावर तोलली जायची. मग एकेक पान स्पंजावरच्या ओल्या बोटाने उलटत जायचं. शेवटी एका चिठ्ठीवर त्रुटी. अध्यक्षांची सही ठरावावर एक आणि पत्रावर दुसरीच. पान अकरानंतर एकदम तेरा. भाडेकरारावर साक्षीदार दोन, पण एकाचा पत्ता नाही. चिठ्ठीवर कायम तीनच त्रुटी असायच्या. मी एकदा म्हटलं, सगळ्या एकदम सांगा की, मी यादी करते आणि दोन दिवसांत संपवते.

अप्पांना माझी दया आली. "सगळ्या एकदम सांगितल्या तर मानूस सगळ्या एकदम दुरुस्त करून आणतो. मग आम्ही दुसऱ्या बुधवारी काय करायचं?"

हे ते गमतीने म्हणत होते की सवयीने, ते मला त्या वेळी कळलं नाही. त्यांनाही कळत असेल असं वाटत नाही. पण अर्ज सुधारत होता. प्रत्येक बुधवारनंतर सलीमभाई पानं बदलून द्यायचे आणि विचारायचे, "अप्पा, ये सही हुआ समझूं, या इस हफ्ते का सही हुआ?" अप्पा त्यांना सांगायचे की घरात लग्न आहे असं समज, जेवणं उठेपर्यंत मांडव काढायचा नाही.

सातव्या बुधवारी अप्पांनी मला बाहेर बसवलं नाही. लगेच आत घेतलं, फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली, मग शेवटापासून सुरुवातीपर्यंत पाहिली. चिठ्ठी कोरीच राहिली. मला पेढे वाटावेसे वाटले. अप्पा मात्र खिन्न झाले. दुपारी जेवताना त्यांनी भाकरी मोडून तशीच ठेवली.

"असा अर्ज मी नोकरीत पाह्यला न्हाई ताई. कायतरी चुकलंय."

मी म्हटलं, चुकलंय का ते पाहायला किनवटला जाऊ. जाहिरात काही आज येत नाही. तेव्हा अप्पा म्हणाले की, आपण तीस वर्षं वसतिगृहांचे अर्ज तपासले, पण एकही वसतिगृह पाहिलेलं नाही. टेबल सोडून जायचं कामच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. पूजा झाल्याशिवाय अप्पा पाणीसुद्धा घेत नसत. खिडकीशी बसून त्यांनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, तेव्हा समोर पत्ते खेळणाऱ्या चौघांनी आपण होऊन आवाज उतरवला. पूजा आटोपल्यावर अप्पांनी त्या चौघांना शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली आणि हुकूम कुणाकडे आहे ते पान न बघता सांगितलं. भोकरच्या पुढे जंगल लागलं तसे ते बाहेर बघत राहिले. मध्येच म्हणाले, "इतक्या लांबून पोरी येतेत? अर्जात नुसतं 'दुर्गम' लिवलंय."

वसतिगृहात सुमनताई वाट बघत होत्या. त्या तिथल्या अधीक्षिका. उंच, सडसडीत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बोलणं असं की समोरच्याने निम्मं तरी आपलं आपण समजून घ्यावं. त्यांनी अप्पांना आधी पाणी दिलं, मग खोल्या दाखवल्या. अप्पांनी खाटा मोजल्या, संडासाच्या कड्या लावून पाहिल्या, डाळीची चव घेतली. सगळं अर्जात लिहिल्याबरहुकूम निघालं तसे ते आणखी उदास झाले. शेवटी ओसरीवर बसले, चष्मा शेंड्यावर आला आणि बुधवार नसतानाही ऑफिस सुरू झालं.

"हजेरीपट आणा."

सुमनताईंनी आणला. अप्पा फूटपट्टी ठेवून एकेक ओळ खाली येत होते. दिवाळीनंतरच्या पानावर पट्टी थांबली.

"इथं निम्म्या पोरी न्हाईत. तीन-तीन आठवडे न्हाईत. हे काय हाय?"

"कापूस आहे ना अप्पा. पोरी घरी वेचून राहतात."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. अर्जात 'सर्व विद्यार्थिनींची नियमित उपस्थिती' असं वाक्य होतं. ते मी लिहिलं होतं. सगळ्या अर्जांत असतं म्हणून लिहिलं होतं, इतकं सवयीने की ते खोटं आहे हे माझ्या कुठल्याच यादीत आलं नव्हतं.

"अन् मग येतेत परत?"

"येतात. सगळ्या नाही येत. गेल्या साली तिघी नाही आल्या. मी गेली होती आणायला, एसटीनं, पुढे पायी. एकीला आणली. एकीचं लगीन लावून टाकलं होतं."

"तिसरी?"

"तिच्या गावाला जायला गाडीच नाही भेटली. दोनदा गेली मी फाट्यापर्यंत." सुमनताईंनी हजेरीपट मिटला. "हुशार होती पोरगी."

परतीच्या गाडीत, मुदखेड मागे पडल्यावर, अप्पांनी एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या दिवसांत त्यांच्या टेबलावर असाच एक अर्ज आला होता. असंच जंगलातलं वसतिगृह, हजेरीत असंच भोक. त्यांनी शेरा मारला: उपस्थिती असमाधानकारक, खुलासा सादर करावा. खुलासा यायला उशीर झाला, तारीख उलटली आणि फाईल बंद झाली. साहेबांनी बारीक नजरेबद्दल शाबासकी दिली. त्या वसतिगृहाचं पुढे काय झालं ते अप्पांनी कधी विचारलं नाही.

"कापूस हाय हे मला कुणी सांगितलं न्हाई ताई. अन् मी विचारलं न्हाई. कागदात कापूस नव्हता."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि चालत्या गाडीतच खुलासा लिहायला बसले.

त्यांचं म्हणणं असं की, हजेरीपट आहे तसा लावायचा, त्यावर खुलाशाचं पान ठेवायचं, आणि मागण्यांत एक नवी मागणी घालायची: दिवाळीनंतर तीन आठवडे एक जीप, गावोगाव जाऊन मुलींना परत आणायला. मला ते पटेना. आपण होऊन आपलं उणं दाखवायचं आणि वर त्याच उण्यासाठी जीप मागायची. ज्या टेबलावर अर्ज जाणार तिथे दुसरे अप्पा बसलेले असणार, आणि त्यांचं बोट बरोबर तिथेच अडणार. पणाला बावीस मुली होत्या. मी तसं स्पष्ट बोलले. आवाजही चढला असेल.

अप्पा म्हणाले, "बरोबर हाय. मग बुधवारी तुम्ही खुर्चीत बसा."

बुधवारी ते फाईल घेऊन दारात उभे राहिले. मी वर बघितलं नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार सोपं गेलं. खुलासा वाचला आणि तीन त्रुटी काढल्या: कापूस कधी सुरू होतो आणि कधी संपतो ते लिहिलेलं नाही, जीप कुठल्या गावांना जाणार ते नाही, आई-बापांनी नाही म्हटलं तर काय, ते नाही. चिठ्ठी हातात दिली आणि म्हटलं, बाहेर बसा. सत्तरीला टेकलेले अप्पा निमूट जाऊन पायरीवर बसले आणि मांडीवर कागद घेऊन दुरुस्ती करू लागले. सलीमभाईंनी दुकानातून डोकं काढलं, अप्पांना पाहिलं, आत मला पाहिलं, आणि दोन चहा सांगितले.

असे चार बुधवार झाले. खुलाशात सुमनताईंना फोन करून विचारलेली गावांची नावं आली, कच्चा रस्ता कुठे संपतो ते आलं, कुणाच्या रानात वेचणी आधी उरकते ते आलं. न परतलेल्या तिघींबद्दल तीन साध्या ओळी आल्या. चौथ्या बुधवारी मी ते पान दोनदा वाचलं. माझं बोट कुठेही अडलं नाही. खरं सांगायचं तर, मला चष्मा पुसावा लागला.

आणि मग एका मंगळवारी दुपारी जाहिरात आली. मुदत दहा दिवस. अर्ज फक्त ऑनलाईन.

अप्पांची फाईल टेबलावर होती. साठ पानं, दाभणाने एका रेषेत पाडलेली भोकं, हिरवा टॅग, कोपऱ्यांत आकडे. त्यांनी जाहिरात वाचली, फाईल एकदा सरळ केली आणि तासभर मागच्या खोलीत जाऊन बसले. बाहेर आले ते तोंड धुऊन, नवं भस्म लावून. थेट सलीमभाईंच्या संगणकाशेजारी स्टूल घेतलं.

"याचा क्लार्क कुठं बसतो?"

"क्लार्क नहीं है अप्पा. मशीनच देखती सब."

प्रत्येक प्रश्नाला एक चौकट होती आणि चौकटीला शब्दांची मर्यादा. जास्त लिहिलं की चौकट लाल व्हायची. अप्पांनी दोनचार वेळा तो लाल रंग पाहिला. "हा कुठं चुकलं ते सांगतच न्हाई. नुसता लाल होतो. आमच्यापरीस कडक हाय," असं त्यांनी मोठ्या आदराने म्हटलं.

खरी अडचण वेगळी होती. सोबत जोडायला एकच फाईल चालणार होती, तीही मोजक्या पानांची. अध्यक्षांचं मनोगत, वर्तमानपत्रांतली कात्रणं, पुरस्काराचा फोटो, उद्घाटनाचा फोटो आणि हजेरीपटाचा खुलासा, यातलं एकच काहीतरी जाणार होतं. अध्यक्षांचा दोनदा फोन येऊन गेला होता, फोटो नीट दिसतोय ना म्हणून. मी यादी केली, दोन बाजू पाडल्या, आकडे घातले. यादी सरळ सांगत होती की फोटो पाठवा.

अप्पांनी यादी वाचली. मग म्हणाले, "फोटोत अध्यक्ष दिसतेत ताई. पोरी मागं हायत."

मी खुलासा जोडला. आठव्या दिवशी, जेवणाच्या आधी, सलीमभाईंनी बटण दाबलं आणि पडद्यावर एक क्रमांक आला. अप्पांना पोच हवी होती, शिक्का मारलेली. मशीन शिक्का मारत नाही म्हटल्यावर त्यांनी त्या क्रमांकाचा कागद छापून घेतला, आपलंच पॅड काढलं आणि आपल्याच संस्थेचा शिक्का त्यावर मारला. मग कुठे त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं.

पुढचा दीड महिना मी सांगत नाही. दिवाळी तोंडावर आली तशी मी घरमालकाचा फोन टाळायला लागले होते. एका दुपारी खात्यातून एका बाईंचा फोन आला. फोन अप्पांनी उचलला. 'शरणार्थ' म्हणाले आणि पलीकडून कोण बोलतंय हे कळताच खुर्चीतून उभे राहिले. बाईंनी एकच प्रश्न विचारला होता: जीपला तीन आठवडे पुरतील का?

"मॅडम, पाऊस लांबला तर चार लागतेत," अप्पा म्हणाले. आणि उभ्याउभ्याच, "तुमचं बोट तिथं अडलं, लई बरं झालं."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं. जीपसकट, चार आठवड्यांची. घरमालकाने व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. सलीमभाईंनी पेढ्यांचा पुडा आणला. अप्पांनी पत्राची पानं मोजली आणि दुसऱ्या पानावर तारीख नसल्याचं माझ्या नजरेला आणून दिलं.

अर्ज झाला, मंजुरी झाली, म्हणजे अप्पांचं काम संपलं होतं. लातूरला मुलगा म्हणत होता, आता बास. त्या थंडीत ते बिदरला लेकीकडे गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात तिकडेच वारले. फोनवर लेक म्हणाली, काही त्रास झाला नाही, सकाळची पूजा झाली होती. पण मला अप्पा शेवटचे दिसले ते त्याआधी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात.

मी सह्यांसाठी किनवटला गेले होते. अप्पा लातूरला न जाता परस्पर तिथे आलेले. जीप निघतच होती, मीही चढले. सुमनताई पुढे, अप्पा मागे. पहिल्याच गावात अनुसया नावाची बारावीची मुलगी रानात होती. तिची आई पाठवायला नाही म्हणत नव्हती, पण अजून चार ओळी राहिल्यात म्हणाली. त्या झाल्या की उद्या-परवा पाठवते. सुमनताई बांधावरच बसल्या. उद्या-परवा म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं.

अप्पांनी चपला काढल्या, उपरण्याची ओटी बांधली आणि एका ओळीला लागले. त्यांना वेचता येत नव्हतं. बोंडाबरोबर निम्मा पाला यायचा.

"बाबा, निसता कापूस घ्या," अनुसयाची आई म्हणाली. "पाला माह्या शेळीला हाय."

"मला काढून टाकू नका बाई. शिकून राहिलो."

ती हसली, सुमनताई हसल्या, आणि मग आम्ही सगळ्याच ओळींना लागलो. आमच्या चौघींच्या साडेतीन ओळी होईतो अप्पांची अर्धी झाली. उन्हं कलायच्या आत रान मोकळं झालं. अनुसया घरी जाऊन हातपाय धुऊन आली. पेटी आणि पुस्तकांचं गाठोडं आईने स्वतः डोक्यावरून जीपपर्यंत आणलं.

मला किनवटला सोडून जीप पुढच्या गावाला जाणार होती. स्टेशनच्या फाटकाशी मी उतरले. मुलीला वळणांवर मळमळतं म्हणून तिला पुढे बसवलं होतं. अप्पा मागच्या बाकावर, मांडीवर तिचं गाठोडं, सदऱ्यावर कापसाचे धागे, घामाने भस्म पार पुसलेलं. हजेरीपट उघडा होता. मी म्हटलं, अनुसयापुढे खूण करून टाका, एक तर झाली.

"पोचल्यावर करतो," अप्पा म्हणाले. "गाडीत बसली म्हणजे हजर न्हाई." आणि पुढे वाकून त्यांनी मुलीला विचारलं, रोजचा तिचा पलंग कुठला, खिडकीजवळचा का दाराजवळचा. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. जीप फाटक ओलांडून गेली.